टिनच्या जुन्या खेळण्यातल्या मालगाडीचे डबे: दुरुस्ती कशी करायची आणि नवा डबा कसा बनवायचा (नागपूरकरांसाठी)

आजोबांच्या ट्रंकेत, महालातल्या एखाद्या वाड्याच्या माळ्यावर नाहीतर अजनीकडच्या कबाड्याच्या पोत्यात कधीतरी टिनचा एखादा जुना मालडबा सापडतो. गंज चढलेला, एक चाक गायब, रंगाचे पापुद्रे निघालेले. हातात आल्याबरोबर वाटतं की याला मस्त घासतो आणि नवा रंग मारतो. तेवढं करू नका. मी आतापर्यंत वाया गेलेले जितके डबे पाहिले त्यात गंजाने गेलेले कमी आणि सँडपेपरने गेलेले जास्त.

ज्यांनी अजून एकही डबा खोललेला नाही त्यांच्यासाठी हे लिहून राहिलो. इंग्रजीत माहिती भरपूर आहे पण ती तिकडच्या हवेची आणि तिकडच्या दुकानांची आहे, आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि जुलैत सगळं ओलं असतं, त्यामुळे रंगाचं आणि गंजाचं गणित इथे वेगळं बसतं. सगळ्यात महत्त्वाचं आताच सांगतो: जुना डबा वाचवणं आणि नवा डबा घडवणं ही दोन वेगळी कामं आहेत. एकाच डब्यावर दोन्ही करायला गेलात की जुनाही जातो आणि नवाही नीट होत नाही.

१. आधी डबा कोणाचा आणि कधीचा ते पाहा

डबा उलटा करा. खाली किंवा बाजूला बारीक अक्षरात बहुतेक वेळा काहीतरी लिहिलेलं असतं. आपल्याकडे जास्त करून इंग्लंडची हॉर्नबी सापडते. फ्रँक हॉर्नबीच्या मेकॅनो कंपनीने लिव्हरपूलला १९२० पासून या गाड्या काढल्या, आणि अगदी सुरुवातीचे डबे मेकॅनोसारखेच नटबोल्टने जोडलेले होते, पत्र्याचे कान (खाचेत घालून वाकवायच्या छोट्या पट्ट्या) वाकवून जोडायची पद्धत नंतर आली. जर्मनीचे बिंग आणि मार्कलिन, अमेरिकेचं लायनेल हेही कधीकधी दिसतात. बिंगवर आधी जीबीएन आणि नंतर बीडब्ल्यू अशी खूण यायची.

वर्ष काढायला काही सोप्या खुणा आहेत. इंग्लिश डब्यावर एलएमएस किंवा एलएनईआर असेल तर तो १९२३ च्या आधीचा असूच शकत नाही, कारण तिथल्या रेल्वे कंपन्यांचं एकत्रीकरण त्या वर्षी झालं. ब्रिटिश रेल्वेजचं नाव असेल तर १९४८ किंवा नंतरचा. ‘यूएस झोन जर्मनी’ किंवा ‘ऑक्युपाइड जपान’ असं छापलेलं असेल तर दुसऱ्या महायुद्धानंतरच्या थोड्या वर्षांतला. लायनेलच्या डब्याला मुठीसारखा उघडबंद होणारा नकल कपलर (डबे एकमेकांना जोडायचा आकडा) असेल तर १९४५ किंवा त्यानंतरचा.

मग गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. ओ गेजचे रूळ आतून आत ३२ मिमी, गेज वन ४५ मिमी, आणि लायनेलचं जुनं स्टँडर्ड गेज साधारण ५४ मिमी. चाकांच्या कडेची जी फ्लँज असते तिच्या बाहेरून बाहेर माप घ्या, ते रुळाच्या मापापेक्षा जरासं कमी येतं. हे आधी करून घ्या, कारण चाकं मागवताना दुकानदार पहिला प्रश्न हाच विचारतो.

२. छापलेला आहे की रंगवलेला, हे कळल्याशिवाय पुढे जाऊ नका

याच्यावरच सगळं अवलंबून आहे म्हणून इथे जरा वेळ द्या. जुने टिनचे डबे दोन प्रकारचे. एकात सपाट पत्र्यावरच रंग, अक्षरं, रिव्हेट, लाकडी फळ्यांच्या रेषा सगळं छापलेलं असायचं आणि मग तो पत्रा कापून दुमडायचे, याला लिथो म्हणतात. दुसऱ्यात आधी डबा बनवून मग त्यावर इनॅमल रंग चढवायचे आणि भट्टीत पक्का करायचे.

ओळखायचं कसं? घड्याळवाल्यासारखं एक भिंग घ्या आणि पत्र्याची कापलेली कड पाहा. लिथो असेल तर कडेला उघडा चमकता किंवा गंजलेला पत्रा दिसेल, कारण छपाई आधी आणि कापणी नंतर. रंगवलेला असेल तर रंग कडेवरून आतपर्यंत गेलेला असतो, वाकवलेल्या कानांवरसुद्धा. फळ्यांच्या रेषांवरून नख फिरवा, लिथोमध्ये नख कुठेच अडत नाही.

डबा लिथो असेल तर त्याला रंग मारायचा नाही. विषय संपला. ती छपाई परत होत नाही, ब्रशने तर नाहीच. तो फक्त स्वच्छ करायचा, गंज थांबवायचा आणि मेण लावून ठेवून द्यायचा. डाग असले तरी असू द्या.

रंगवलेला असेल आणि मूळ रंग अर्ध्याच्या वर शिल्लक असेल तरीही माझं मत तेच, राहू द्या. त्याची बाजारातली किंमतही मूळ रंगालाच असते, पुन्हा रंगवलेला कितीही चकचकीत असला तरी जाणकार माणूस कमीच पैसे देतो. पण रंग जवळजवळ गेलेलाच आहे, कोणीतरी आधीच घरचा ऑइलपेंट फासलेला आहे, किंवा पत्र्याला भोकं पडलेली आहेत, अशा डब्यावर बिनधास्त पूर्ण काम करा. नवशिक्याने सुरुवात अशाच डब्याने करावी.

३. सामान

सगळं एकदम घेऊ नका, पण एवढं लागतंच:

- व्हर्नियर कॅलिपर (स्टीलचाच, प्लॅस्टिकचा नको), भिंग, मोबाइल
- पातळ चपटं पातं, घड्याळवाल्याचे स्क्रू ड्रायव्हर, बिनदातांची छोटी पक्कड
- पत्रा कापायची सरळ कात्री आणि वाकडी कात्री
- ६० ते १०० वॅटचं सोल्डरिंग आयर्न, ६०/४० सोल्डर, फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावतात ते)
- इअरबड, मऊ टूथब्रश, सौम्य लिक्विड साबण, मशीनचं हलकं तेल
- अगदी बारीक स्टील वूल, चार शून्यवाली
- सागवानाचे किंवा शिसमचे दोन सरळ ठोकळे आणि एक लाकडी हातोडी
- नायट्राइल हातमोजे, चांगला मास्क, चष्मा

पत्र्याची कात्री, पक्कड, पंच हे सगळं इतवारीत लोहा ओळीकडे एका चकरेत होऊन जाते. सोल्डरचं सामान बर्डीला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत. चार शून्यवाली स्टील वूल प्रत्येक हार्डवेअरवाला ठेवत नाही, फर्निचर पॉलिशचं सामान विकणाऱ्याकडे विचारा.

मास्क मुद्दाम लिहिला आहे. त्या काळच्या रंगात शिसं असायचं. त्यामुळे जुना रंग कोरडा घासायचा नाही, ग्राइंडर लावायचा नाही, हीट गनने जाळायचा नाही. घासायचंच असेल तर पाणी लावून, खाली वर्तमानपत्र अंथरून, आणि ते वर्तमानपत्र नंतर गुंडाळून पिशवीत बांधून टाका. स्वयंपाकघरात हे काम नको, आणि घरात लहान मुलं असतील तर जुना डबा खेळायला देऊ नका, कितीही मागितला तरी.

४. फोटो काढा, मापं लिहा, मगच खोला

सहाही बाजूंनी फोटो. प्रत्येक कान कोणत्या दिशेला वाकवलाय त्याचा जवळून फोटो. मापं वहीत, बाजूला छोटं चित्र काढून. हा डबा तुम्ही पुढे कधी नवा बनवणार असाल तर हीच वही तुमचा नकाशा, म्हणून लांबी रुंदी लिहून थांबू नका, दाराची पट्टी किती मिमी, अक्षराची उंची किती, खालच्या कडेपासून अक्षर किती वर, हेसुद्धा लिहा.

आता कान. टिनचा कान वाकवला की धातू तिथे कडक होतो, दोनतीनदा मागेपुढे झाला की तुटतोच. म्हणून एका कानाला आयुष्यात एकदाच उघडायचं आणि एकदाच बंद करायचं असं धरून चाला. आधी कानाच्या मुळाशी तेलाचा एक थेंब सोडा आणि रात्रभर राहू द्या. मग पातळ पातं कान आणि पत्रा यांच्या फटीत आडवं सरकवा, टोकाकडून नको, मुळाकडून, आणि हळूहळू उचला. कान पूर्ण सरळ उभा करायची गरज नसते, खाचेतून निघेल इतकाच उचला. उचलताना बारीक करकर जाणवली तर तिथेच थांबा. तुटलाच तर आतल्या बाजूने पत्र्याची छोटी एल आकाराची पट्टी सोल्डर करा, बाहेरून काहीच दिसत नाही.

आणि खोलल्याशिवाय काम होत असेल तर खोलूच नका. फक्त चाकं बदलायची असतील तर बऱ्याच डब्यांत ॲक्सल (चाकांमधला दांडा) धरणाऱ्या पट्ट्या जरा फाकवल्या की ॲक्सल निघतो.

५. साफसफाई

कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढा. मग एका कोपऱ्यात, खालच्या बाजूला, ओलसर इअरबड फिरवून पाहा. बडवर फक्त काळा मळ आला तर ठीक. डब्याचा रंग आला तर पाणीही लावू नका.

चाचणीत पास झाला तर कोमट पाण्यात साबणाचे दोनचार थेंब, इअरबडने थोडी थोडी जागा, लगेच कोरड्या कापडाने टिपायचं. डबा बादलीत बुडवायचा नाही, दुमडलेल्या कडांच्या आत पाणी शिरलं की ते आतून गंज धरतं आणि तुम्हाला वर्षभराने कळतं. थिनर, ॲसिटोन, नेलपॉलिश रिमूव्हर, पेट्रोल, यातलं काहीही लिथोजवळ आणू नका. पितांबरी, विम, टूथपेस्ट हेही नको, हे सगळं घासूनच चमकवतं आणि वरचं वार्निश घेऊन जातं.

६. गंज

टिनप्लेट म्हणजे लोखंडाच्या पातळ पत्र्यावर कथिलाचा अगदी बारीक थर. तो थर आहे तोवर गंज नाही. सँडपेपर मारला की सगळ्यात आधी कथिलच जातं, मग चांगली जागाही उघडी पडते आणि पुढच्या पावसाळ्यात तीही लाल होते. म्हणून घासकाम फक्त जिथे गंज आहे तिथेच, आणि हलकं.

रंग ठेवायचा आहे अशा डब्यावर: गंजावर तेलाचा थेंब, एकदोन दिवस मुरू द्या, मग स्टील वूलचा वाटाण्याएवढा गोळा टूथपिकला लावून फक्त त्या ठिपक्यावर गोल फिरवा, पुसा. काळपट डाग राहील, राहू द्या, तो आता वाढणार नाही. शेवटी रंगहीन मेणाचा अगदी पातळ हात.

पूर्ण रंगवायचा आहे अशा डब्यावर: जुना रंग काढायला बाजारात मिळणारा पेंट रिमूव्हर वापरा, उघड्या हवेत, हातमोजे घालून. कॉस्टिक सोड्यानेही रंग निघतो पण त्यात चाकं किंवा ओतीव भाग चुकूनही टाकू नका, जस्त आणि ॲल्युमिनियम दोन्हीला सोडा खातो. रंग निघाल्यावर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये गंजलेला भाग ठेवा आणि दर अर्ध्या तासाने पाहा, रात्रभर टाकून झोपू नका. काढल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात धुवा, साध्या पाण्यात धुवा, आणि ताबडतोब वाळवा. व्हिनेगरमधून निघालेला उघडा पत्रा पाच मिनिटं ओला राहिला तरी त्याच्यावर पिवळी झाक येते. उन्हाळ्यात गच्चीवर ठेवला की लगेच वाळतो, बाकी वेळी हेअर ड्रायर. वाळला की त्याच दिवशी प्राइमर.

७. चाकं आणि ओतीव भाग

जुन्या चाकांवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा दिसतात, चाक फुगलेलं असतं, दाबलं की कडेचे तुकडे पडतात. हा गंज नाही. ही चाकं जस्ताच्या मिश्रधातूची असायची आणि ओतताना त्यात शिशासारखी अशुद्धी राहिली की धातू आतूनच कणाकणाने सुटत जातो. याला झिंक पेस्ट म्हणतात (इंग्रजीतला pest म्हणजे कीड, लावायची paste नाही). यावर इलाज नाही हे मान्य करून घ्या, कारण नवीन लोक यावरच सगळ्यात जास्त फेव्हिक्विक आणि एपॉक्सी वाया घालवतात. वरून चिकटवलं तरी आत फुगणं चालूच असतं.

असं चाक ठोकून काढू नका, ॲक्सल वाकतो. चाक तसंही गेलेलंच आहे, पकडीने त्याचे तुकडे करून काढा आणि ॲक्सल वाचवा. नवीन चाकांचे तीन मार्ग आहेत. एक, बाहेरून तयार रिप्रॉडक्शन चाकं मागवायची, महाग पण बिनडोकेदुखी. दोन, लेथवाल्याकडून पितळी रॉडमधून करून घ्यायची. हिंगणा एमआयडीसीकडे मोठी मशीनवाली माणसं अशा चार चाकांना हात लावत नाहीत, गल्लीतला छोटा लेथवाला शोधा आणि त्याला तोंडी सांगू नका, चांगलं असलेलं एक चाक आणि फ्लँजच्या मापासह कागदावर काढलेलं चित्र द्या. तीन, थ्रीडी प्रिंट. स्वस्त पडतं, पण डबा हलका होतो आणि वळणावर उडतो, मग डब्याच्या पोटात आतून लोखंडाचं वजन चिकटवा, शिशाचं नको.

ॲक्सल गेलाच असेल तर सायकलचा साधा स्पोक बहुतेक २ मिमीचा असतो, जुन्याचं माप जुळत असेल तर तो कापून मस्त काम होतं. आणि एक सावधगिरी, चाबीच्या गाडीच्या किंवा तीन रुळांच्या ट्रॅकवर पूर्ण धातूची चाकं चालतात, पण दोन रुळांच्या इलेक्ट्रिक ट्रॅकवर तीच चाकं शॉर्ट करतात, तिथे इन्सुलेशनवाली लागतात.

८. रंग, आणि नागपूरची हवा

शेड जुळवायची असेल तर डब्याच्या छतावरून नमुना घेऊ नका, तो उडालेला असतो. ॲक्सलच्या पट्टीखाली, कपलरच्या मागे, कानाच्या आत मूळ रंग ताजा सापडतो. तिथला नमुना घेऊन गाड्यांच्या पेंटच्या दुकानात जा, ते मशीनवर शेड काढून थोडासाच रंग भरून देतात. हॉर्नबीचा एलएमएसचा उघडा डबा साधा राखाडी, शेलचा टँकर लाल, असं नुसत्या नावावर जाऊ नका, त्या राखाडीच्याही छटा वर्षावर्षाला वेगळ्या सापडतात.

आधी मेटल प्राइमरचा पातळ हात, मग रंगाचे दोनतीन पातळ हात, प्रत्येकाच्या मध्ये पूर्ण वाळू द्या. जाड एक हात मारला की रिव्हेट आणि रेषा बुजून जातात आणि डबा प्लॅस्टिकचा वाटतो.

आता हवा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा आपला रंगाचा सीझन. एप्रिल मे मध्ये दुपारी स्प्रे मारला तर थेंब पत्र्यावर पोचायच्या आधीच वाळतात आणि पृष्ठभाग खरखरीत होतो, मारायचाच असेल तर सकाळी सहा सातला मारा. पावसाळ्यात एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर मारलं की त्यावर पांढुरकी झाक येते कारण हवेतला ओलावा रंगात अडकतो. आणि हे खास आपल्यासाठी: कूलर चालू असलेल्या खोलीत कधीच रंग मारू नका, वाळायलाही ठेवू नका. बाहेर कितीही कोरडं असो, कूलरची खोली म्हणजे पावसाळाच.

जुना इनॅमल भट्टीत पक्का केलेला असायचा म्हणून तो कडक असतो. घरी तसं जवळपास करायला मे महिन्याचं ऊन कामी येतं, रंग हाताला सुकल्यावर डबा झाकणवाल्या टिनच्या डब्यात ठेवा आणि तो गच्चीवर उन्हात, धूळ बसत नाही आणि आत चांगली भट्टी होते. ओव्हन वापरत असाल तर स्वयंपाकाचा नको, आणि ७० अंशाच्या वर नेऊ नका. ६०/४० सोल्डर १८३ अंशाला मऊ व्हायला लागतं हे खरं, पण रंग त्याच्या खूप आधी बिघडतो.

९. अक्षरं

इथे सगळे नवीन लोक अडकतात. डेकल पेपर (छापलेली अक्षरं पाण्याने सुटी करून डब्यावर चिकटवायचा कागद) घेतात, प्रिंटरवर पांढरी अक्षरं छापायला जातात आणि कागद कोराच बाहेर येतो. साधा प्रिंटर पांढरा रंग छापत नाही. मालडब्यावर तर बहुतेक अक्षरं पांढरीच.

आपल्याकडे यावर दोन चांगले उपाय आहेत. नंबरप्लेटची अक्षरं कापून देणारा रेडियमवाला प्रत्येक चौकात आहे, त्याला अक्षरांची फाइल द्या आणि अक्षरं नको, आजूबाजूचा कापलेला भाग द्या म्हणून सांगा. तो स्टेन्सिल डब्यावर चिकटवून पांढरा हलका स्प्रे मारा आणि रंग पूर्ण वाळायच्या आधी स्टेन्सिल उचला. मोठ्या अक्षरांना हे झकास. अगदी बारीक अक्षरं त्याच्या मशीनला जमत नाहीत, त्यासाठी लग्नपत्रिका छापणारा स्क्रीन प्रिंटर गाठा, तो क्लिअर डेकल फिल्मवर पांढऱ्या शाईने छापून देऊ शकतो. तुळशीच्या लग्नानंतर त्याच्याकडे जाल तर तो तुम्हाला उभं करणार नाही, लगीनसराई नसताना जा.

१०. नवा डबा बनवायचा असेल तर

पहिला डबा उघडा मालडबा करा. चार बाजू, तळ, झालं. टँकर आणि गोल छताचा डबा नंतर.

पत्रा कुठून आणायचा? तेलाचा १५ किलोचा पिपा. हाच टिनप्लेट असतो, जाडी पाव मिमीच्या आसपास, खेळण्याच्या पत्र्याला एकदम जवळची. किराणा दुकानातून रिकामा पिपा आणा, गरम पाणी आणि धुण्याच्या सोड्याने तेल पूर्ण काढा, शिवणीच्या कडा सोडून सपाट बाजू कापून घ्या. कूलर बनवणाऱ्यांकडे जो पत्रा मिळतो तो जस्ताचा मुलामा दिलेला आणि जाड असतो, बारीक घडी बसत नाही आणि इनॅमल रंग त्यावरून सोलून निघतो, तो नको.

आधी ड्रॉइंग शीटवर आराखडा काढा, कापा, दुमडा, चिकटवा. कागदी डबा रुळावर ठेवून पाहा. इथे चूक दिसली तर कागद जातो, पत्रा नाही. पटला की तो उलगडून पत्र्यावर ठेवा आणि टोकदार सुईने रेषा मारा, पेनची शाई पुसली जाते. रिव्हेटचे फुगवटे हवे असतील तर दुमडायच्या आधी, मागच्या बाजूने, खाली जाड रबर ठेवून बोथट खिळ्याने हलके ठोके द्या. घडीसाठी दोन ठोकळ्यांत पत्रा रेषेवर धरा आणि लाकडी हातोडीने कडेकडेने थोडं थोडं वाकवत न्या, एकाच जागी पूर्ण वाकवलं तर पत्रा लाट मारतो. वरची कड आत दुमडून दाबली की डबा ताठ होतो आणि हात कापत नाही.

सोल्डर करताना आधी तळ आणि लांब बाजू, मग शेवटच्या दोन. आतल्या बाजूनेच. ॲसिडवाला फ्लक्स वापरला असेल तर सोड्याच्या पाण्याने घासून धुवा, तो राहिला तर रंगाखालून गंज फुटतो आणि सगळं परत करावं लागतं.

कोणता डबा बनवायचा हा तुमचा प्रश्न, पण आपण नागपुरात आहोत तर माझा आग्रह आपल्या गाडीचा राहील. मोतीबागला नॅरोगेज रेल्वे म्युझियम २००२ पासून आहे, बंगाल नागपूर रेल्वेच्या सातपुड्यातल्या अडीच फुटी लाइनवरचा जुना माल तिथे समोर उभा आहे. वही घेऊन जा, मापं घ्यायची असतील तर आधी परवानगी विचारा. अडीच फूट म्हणजे ७६२ मिमी, याला ४८ ने भागलं की १६ मिमीच्या जवळ येतं, म्हणजे १:४८ स्केलचा आपला नॅरोगेज डबा साध्या १६.५ मिमीच्या, सगळीकडे मिळणाऱ्या ट्रॅकवर चालतो. ब्रॉडगेजचं तसं नाही, १६७६ मिमीला ४८ ने भागलं तर जवळजवळ ३५ येतात आणि ओ गेजचा रूळ ३२ चा, थोडी तडजोड करावी लागते.

११. बाहेरून डबा किंवा पार्ट मागवताना

लागणारे कागद: ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा (कुरिअरवाले केवायसी मागतातच), विकणाऱ्याचं बिल, पैसे दिल्याचा पुरावा, वस्तूचे फोटो. विकणाऱ्याला बिलावर वर्ष, ‘जुनी वापरलेली संग्राह्य वस्तू’ आणि खरी किंमत लिहायला सांगा. किंमत कमी लिहून घेण्याच्या फंदात पडू नका, पार्सल अडकलं की सोडवायला जास्त जातात.

खेळण्यांवरची मूळ कस्टम ड्यूटी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० झाली आणि २०२३ मध्ये ७०. त्यात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा झाला आहे. पार्सल कोणत्या वर्गात धरलं त्यावर रक्कम बदलते आणि ड्यूटी पोस्टेज धरून लागते, म्हणून पैसे भरायच्या आधी कुरिअर कंपनीकडून त्या दिवसाचा दर विचारून घ्या. पूर्ण डब्यापेक्षा चाकं, कपलर, पितळी प्लेट असे सुटे भाग मागवणं परवडतं.

उलट बाजूही लक्षात ठेवा. शंभर वर्षांवरचा डबा परदेशात विकायचा विचार असेल तर १९७२ चा पुरावशेष कायदा आडवा येऊ शकतो, पाठवायच्या आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे चौकशी करा.

१२. खूण करा आणि ठेवा

नवा बनवलेला किंवा पूर्ण रंगवलेला डबा असेल तर तळाला, पुसली जाणार नाही अशी, वर्षासह खूण करा. पत्रा जोडायच्या आधी अक्षराच्या पंचने ठोकलेली सगळ्यात चांगली. तुम्ही फसवणार नाही हो, पण डबा पुढे कोणाच्या हातात जाईल हे आपल्याला माहीत नसतं, आणि रिप्रॉडक्शन जुनं म्हणून विकलं जाणं या छंदात फार चालतं. जुन्याची बदललेली चाकं, तुटका कान, सगळं एका पुडीत घालून डब्यासोबतच ठेवा.

गुंडाळायला वर्तमानपत्र नको, रबरबँड नको, हवाबंद प्लॅस्टिकची पिशवी नको, डांबराच्या गोळ्याही नकोत. धुतलेलं सुती कापड किंवा ॲसिड फ्री टिश्यू, आणि जाड पुठ्ठ्याचा खोका. प्लायवूडच्या नव्या कपाटातून वाफ येत राहते, ते आधी काही महिने उघडं ठेवा. कूलरच्या खोलीत शोकेस नको. खोक्यात सिलिका जेल ठेवा आणि जून ते सप्टेंबर पंधरा दिवसांनी पाहा, नारंगी दाणे हिरवे पडले की ओलावा भरला, लोखंडी तव्यावर मंद आचेवर परत नारंगी होईपर्यंत गरम करा आणि थंड झाल्यावर ठेवा. निळे दाणेही मिळतात, ते गुलाबी होतात, पण त्यात कोबाल्ट असतं, नारंगीच घ्या, आणि त्या तव्यावर परत पोळी भाजू नका.